बाजारच्या दिवशीची दाढी

त्या केंद्रात माझ्या वडलांची दाढी आठवड्यातून एकदाच व्हायची, बाजारच्या दिवशी. हे कळायला मला नऊ आठवडे लागले. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. चौथीतल्या पोराने गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवला असेल तर पान उलटायच्या आत मला कळायचं. आणि इथे मात्र बापाचे गुळगुळीत गाल बघून मी खूश होऊन घरी जायचे. इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की आधी त्या संचालकाचा राग येतो, मग माझा स्वतःचा. कुणाचा जास्त येतो ते सांगता येत नाही, रोजचं वेगळं असतं.

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव साखऱ्याजवळ, सगळं कोरडवाहू. थोडं शेत होतं, पण घर चालायचं ते मेंढ्यांवर. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन निघायचे. ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या त्याच्याकडे चार-आठ दिवस मुक्काम, मग पुढचं रान. लेंड्यांचं खत त्याला, ज्वारी आम्हाला. माय आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर असायचे. घरात मी एकटीच शाळेत टिकले. डी.एड. केलं, जवळच्याच गोरेगावला नोकरी लागली, लग्न होऊन तिथेच राहिले. घरातलं शहाणं माणूस कोण, असं विचारलं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे. मलाही ते आवडायचं.

एका सकाळी मेंढ्या रानात सोडायच्या वेळी आबा खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा झाला, उजवी बाजू गेली. वाचाही गेली, फक्त एक शब्द शिल्लक राहिला, ‘व्हय’. पाणी पाहिजे का, व्हय. पाणी नको का, तरी व्हय. डॉक्टर म्हणाले, “असं होतं कधीकधी. सगळे शब्द जातात आणि एखादा अडकून राहतो. त्याचा अर्थ धरू नका.” मी मान हलवली. नुसती मान हलवून भागत नाही, ध्यानात ठेवावं लागतं, असं मी रोज वर्गात सांगायचे.

सरकारी दवाखान्यातला तो डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, पण सरळ बोलला. हाताचं सांगता येत नाही, पाय मात्र येईल. पहिले तीन महिने महत्त्वाचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रोज पाय हलवायचा, गुडघा आखडू द्यायचा नाही, आणि महिन्याभराने दोघांनी धरून उभं करायचं. “उभे राहतील,” तो म्हणाला. “काठी घेऊन चालतीलसुद्धा.” काठीचं नाव निघाल्यावर मायने पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला. आबांचं सगळं आयुष्य काठीवर रेलून गेलं होतं. काठी पुढे रोवायची, दोन्ही हात तिच्यावर, हात हनुवटीखाली, आणि एक पाय दुसऱ्या पायाला टेकवून कळपाकडे बघत उभं राहायचं, दिवस दिवस. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. ते बोलतील, त्यांचा हात चालेल, असं आम्ही कुणी मागितलंच नाही. ते उभे राहावेत एवढंच म्हणणं होतं.

दोन आठवड्यांनी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. कळप रानात होता, भाऊ एकटा पुरा पडत नव्हता, आणि माझ्या घरी दोन लहान लेकरं, सासू, शाळा. तेव्हा कुणीतरी त्या केंद्राचं सांगितलं. हिंगोलीच्या बाहेर, एका जुन्या कापसाच्या गोदामात नवंच निघालं होतं. बाहेर मोठी पाटी होती, ‘शुश्रूषा व पुनर्वसन केंद्र’. आत अकरा खाटा, भिंतींना निळा रंग, आणि मधोमध चालायचा सराव करायच्या दोन लांब लोखंडी नळ्या. दोन्ही हातांनी त्या नळ्या धरायच्या आणि मधून पाऊल टाकायचं. त्या नळ्या बघूनच मी पाघळले. संचालक पांढऱ्या सफारीतला, तोंडात साखर असलेला माणूस. “मॅडम, इथं नातेवाइकानं थांबायची गरजच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही निश्चिंत मनानं शाळा करा.”

नातेवाइकाने थांबायची गरज नाही, हीच खरी नवलाई होती. आमच्याकडे दवाखान्यात माणूस एकटं कधी सोडत नाहीत. खाटेखाली कुणीतरी वाकळ टाकून पडलेलं असतंच. डॉक्टर नर्सला हाक मारायच्या आधी त्यालाच उठवतात. माय सरळ म्हणाली, “मी न्हाई ठेवू देणार. माणूस एकलं टाकून यावं का कुटं?”

“माय, तिथं ट्रेनिंग झालेली माणसं हायेत,” मी म्हटलं. “त्यांचं शास्त्र असतं. तू मेंढरं वळणार का आबांची कूस बदलत बसणार?”

“दोन्ही केलंय की आजवर.”

ती काय म्हणत होती ते मला पक्कं माहीत होतं. मेंढी आजारी होऊन खाली बसली की आमच्याकडे तिला एका अंगावर पडू देत नाहीत. माय तिला दोन्हीकडून पोत्यांचा टेकू द्यायची, दिवसातून पाच-सहा वेळा कूस बदलायची, आणि पोटाखालून घोंगडी घालून, एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने आबा, असे दोघं मिळून मेंढीला उभी धरायचे. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, मग थोड्या वेळाने मेंढी आपोआप अंग सावरते. आणि रोज लोकरीत हात घालून बघायचं. जखम लोकरीखाली असते, डोळ्यांना दिसत नाही. मी सहा वर्षांची असताना आबांनी माझी बोटं धरून मेंढीच्या मांडीवरच्या लोकरीत घातली होती आणि तिथला ओला भाग दाखवला होता. “बघू नगं,” ते म्हणाले होते, “चाचप.”

एवढं सगळं अंगात मुरलेलं असून मी मायला म्हटलं, “मेंढीचं आणि माणसाचं एक असतं का?” ती गप्प बसली. शिकलेल्या लेकीपुढे ती नेहमीच गप्प बसायची, आणि आपण जिंकलो असं मला वाटायचं. फॉर्मवर सही मी केली.

केंद्राचा नियम होता, भेट फक्त बाजारच्या दिवशी, अकरा ते दोन. “रोज घरचं माणूस दिसलं की पेशंट रडतो, मग व्यायामात लक्ष राहत नाही,” असं संचालकाने समजावलं. आणि खेड्यातल्या लोकांची तीच सोय आहे, असंही म्हणाला. सोय होतीच. बाजारच्या दिवशी गोरेगावहून जिपांवर जिपा भरून निघतात, एरवी जीप भरेपर्यंत तासभर थांबावं लागतं. आमच्यासारख्या माणसांना शहरात यायचं तर ते बाजारच्याच दिवशी येतात. बी-बियाणं, चप्पल, दवाखाना, कोर्ट, सगळं त्या एका दिवसात उरकायचं. आम्ही जे केवळ सवयीने करत होतो त्यावर त्या माणसाने आपला सगळा धंदा उभा केला होता. मी मुख्याध्यापकांकडून त्या दिवशी अर्धी रजा घ्यायचे आणि वर त्यांचे आभार मानायचे.

बाजारच्या दिवशी ते केंद्र लखलखीत असायचं. दारातच फिनाईलचा वास. पांढऱ्या कोटातली सिस्टर हसून स्वागत करायची. खाटेखाटेवर धुतलेल्या चादरी, माणसं उशाला टेकवून बसवलेली, पुरुषांच्या दाढ्या केलेल्या, बायकांच्या वेण्या घातलेल्या, कपाळाला कुंकू. व्यायामवाले सर एकेका खाटेपाशी जाऊन हात वरखाली करायचे, मोठ्याने आकडे म्हणत. आबांचा पाय ते दहा वेळा दुमडायचे. मी खाटेच्या पायाशी उभी राहून दहापर्यंत मनात मोजायचे.

“आबा, जेवण बराबर देतेत का?”

“व्हय.”

“व्यायाम रोज करून घेतेत का?”

“व्हय.”

“नळ्या धरून उभं केलं का तुमाला?”

“व्हय.”

मी समाधानाने संत्री सोलायचे. ज्या माणसाला दुसरा शब्दच येत नाही त्याच्याकडून मी दर आठवड्याला प्रशस्तिपत्रक घेत होते. एकदा तरी उलटा प्रश्न विचारायचा होता. उपाशी ठेवतेत का, मारतेत का, असं विचारलं असतं तरी ते व्हयच म्हणाले असते, आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला असता. वर्गात मुलांना हो की नाही असे प्रश्न कधीच न विचारणारी बाई मी. बापापुढे नेमकी तीच बसले विचारत.

तिसऱ्या आठवड्यात संचालकाने अभिप्रायाची वही पुढे केली. “मॅडम, तुमचं अक्षर म्हणजे मोती. चार ओळी लिहा.” स्तुती केली की आम्ही शिक्षक लगेच विरघळतो. मी पेन काढलं आणि लिहिलं, ‘येथील सेवा उत्तम आहे. माझ्या वडिलांना येथे घरच्यापेक्षा जास्त माया मिळते. मी समाधानी आहे.’ खाली नाव, हुद्दा, शाळा, आणि सहीखाली दोन रेघा.

सहाव्या आठवड्यापासून आबा एक नवीनच गोष्ट करायला लागले. मी जवळ बसले की त्यांच्या चांगल्या डाव्या हाताने ते माझा हात धरायचे. आधी मला वाटलं, मायेने धरला. पण ते हात ओढायचे, आपल्या कमरेकडे, मागच्या बाजूला. मला अवघडल्यासारखं व्हायचं. चहूकडे लोक, शेजारच्या खाटेभोवती गाव जमलेलं, आणि बापाच्या कमरेला लेकीने हात लावायचा नाही ही आमची रीत. मला वाटलं, धोतर सुटलं असेल, लाज वाटत असेल त्यांना. मी हात सोडवून घ्यायचे, चादर नीट करायचे आणि म्हणायचे, “झाकलंय आबा, काही दिसत न्हाई.” ते माझ्याकडे बघत राहायचे. “व्हय,” म्हणायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. त्यांचा जोर वाढत चालला होता आणि मी सिस्टरला कौतुकाने सांगत होते की डाव्या हातात ताकद चांगली आली.

नवव्या आठवड्यात भावाचा निरोप आला. कळप जवळा बाजार गावाकडच्या रानात चालला होता आणि शनिवारी हिंगोलीजवळून जाणार होता. मायला आबांना बघायचं होतं. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्याबरोबर मी जीप पकडली. भेटीचा दिवस नाही हे माहीत होतं, पण संचालकाशी आपले चांगले संबंध आहेत, वहीत आपण लिहिलंय, तो नाही म्हणणार नाही, अशी मला खात्री होती. फाट्यावर माय उभी होती, खांद्यावर घोंगडी, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. वाटेने मी तिला सारखी सांगत होते, फरशी कशी चकचकीत आहे, सिस्टर कशी गोड बोलते. “बघच तू,” मी म्हटलं.

दारात कुणी नव्हतं. फिनाईलचा वास नव्हता. जो वास होता तो मायने दारातच ओळखला, तिने पदर नाकाला लावला नाही, उलट ती भराभर आत चालू लागली. आत त्या लोखंडी नळ्यांवर ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नळीवर, जिथे माणसाची मूठ घासून रंग उडायला पाहिजे, तिथे निळा रंग नवाकोरा होता. मी दर आठवड्याला त्या नळ्यांकडे बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. ऑफिसात टीव्ही चालू होता. मागच्या पडवीत एक मावशी कपड्यांचा ढीग आपटत होती. खाटांवर माणसं टाकलेली होती. बसवलेलं कुणीच नव्हतं.

आबा भिंतीकडे तोंड करून उजव्या अंगावर पडलेले. गालांवर पांढरी खुंटं. डावा हात, एवढा एकच हात जो चालत होता, तो साडीच्या काठाच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेला. मनगटावर वळ होता, जुना, काळा पडलेला. बाजारच्या दिवशी त्यांच्या सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढून गुंडी लावलेली असायची. तेही मला नीटनेटकेपणाचंच लक्षण वाटायचं.

मी पट्टी सोडायला लागले. मायने तेवढाही वेळ घालवला नाही. तिने चादर बाजूला केली, डोळे आबांच्या तोंडावर ठेवले आणि उजव्या कमरेखाली, अंगाच्या आणि गादीच्या मध्ये, सरळ हात घातला. मेंढीच्या लोकरीत घालावा तसा, न बघता. हात मनगटापर्यंत आत गेला. आबांनी डोळे मिटले. मायने हात बाहेर काढला, बोटं नाकाशी नेली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सडलंय. आजचं न्हाई हे. महिना झाला.”

महिना. मी मनात आठवडे मोजले. ते माझा हात ओढत होते त्याला तेवढेच दिवस झाले होते.

मावशी हात पुसत आली. माय तिला ओरडली नाही. “बाई, ह्यांची कूस कवा बदलली व्हती?” एवढंच विचारलं.

मावशीने आधी दाराकडे बघितलं. “खोटं काहून बोलू? मी एकली हाव. अकरा जणांचं हागणं-मुतणं, धुणं, सैपाक. सिस्टर बाजारच्याच दिवशी येती. ते व्यायामवाले सर बी तसेच, एरवी त्यांचं दुकान हाय. हात बांधायचं साहेबांनी सांगितलं, लघवीची नळी उपसून राहिले म्हणून.” मग आवाज खाली करून माझ्याकडे बघत म्हणाली, “तुमी दर वेळी हसत येऊन राहिल्या, बाई. मला वाटलं, तुमाला चालतंय.”

तिचा मला राग आला नाही. ती अकरा माणसांचं एकटीने जेवढं करता येईल तेवढं करत होती. तेवढ्यात संचालक आला. सफारी नव्हती, लुंगीवर होता. आधी नियमाचं बोलला, आज भेटीचा दिवस नाही. मग मायच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं, तशी त्याने भाषा बदलली. “मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात. लकव्याच्या पेशंटला बेडसोअर होतातच. नॉर्मल आहे.”

“तीन महिन्यांत उभे राहतील म्हणून सांगितलं होतं डॉक्टरांनी,” मी म्हटलं. “तुम्ही एकदा तरी उभं केलं का? एकदा?”

“तुम्ही दर आठवड्याला बघत होता की. तुमची कधीच तक्रार नव्हती.” तो ऑफिसात गेला आणि ती वही घेऊन आला. पान त्याला शोधावं लागलं नाही, तिथे कागदाची खूण घातलेली होती. त्याने माझ्याच ओळी मला वाचून दाखवल्या, सावकाश, शेवटच्या नावापर्यंत. ‘घरच्यापेक्षा जास्त माया.’

“काय लिवलंय त्यात?” मायने मला विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“सेवा चांगली हाय असं लिवलंय.”

“कुणी लिवलंय?”

मी सांगितलं. तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज तिची जास्त ऋणी असते. तिने खांद्यावरची घोंगडी काढली आणि म्हणाली, “त्या अंगानं धर.” मेंढीला उचलतात तसं आम्ही दोघींनी आबांना घोंगडीत घेतलं. मावशीने पाय धरले. संचालक सह्यांचं काहीतरी बोलत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एका सुटाबुटातल्या माणसाला सगळ्यांदेखत ‘हरामखोर’ म्हटलं, आणि तेव्हा तो नेमका लुंगीवर होता.

सरकारी दवाखान्यात तोच डॉक्टर भेटला. त्याने आधी जखम साफ केली. मग त्याने आबांचा उजवा पाय सरळ करायला घेतला. गुडघा हललाच नाही. त्याने दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. “पाय मेला नव्हता हो,” तो म्हणाला, “ताकद परत येत होती. पण न हलवता दुमडून ठेवला, शिरा आखडल्या. आता सरळ व्हायचा नाही.” एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला. आमच्या मागे पन्नास माणसं रांगेत होती, त्याचाही इलाज नव्हता.

माय त्या वर्षी कळपाबरोबर गेली नाही. भावाने निम्म्या मेंढ्या मामाच्या कळपात दिल्या. ती घरी आबांपाशी राहिली आणि मेंढीला करतात ते सगळं आबांना केलं. दोन्हीकडून पोत्यांचा टेकू. ऊन उंबऱ्यावर आलं की डावी कूस, तुळशीपाशी गेलं की पाठ, गोठ्याच्या भिंतीवर चढलं की पुन्हा फिरवायचं. घड्याळ तिला कळत नव्हतं, पण तिने एक पाळी चुकवली नाही. दर वेळी हात घालून चाचपायची. जखमेत माझं अख्खं बोट जायचं, ती भरून आली, बुजली. ज्याला शास्त्र म्हणत मी नाकाने कांदे सोलत होते, ते माझ्या अडाणी मायला माझ्या जन्माच्या आधीपासून येत होतं. तिने घोंगडीची झोळी करून, भाऊ घरी असला की, त्यांना उभं धरायचाही प्रयत्न केला. एक पाय जमिनीला टेकायचा. दुसरा गुडघ्यात दुमडलेला, अधांतरी. माय त्या पायाकडे बघायची आणि भावाला म्हणायची, “ठेव खाली.”

मी तक्रारी केल्या. अर्ज लिहिले, तेही मोत्यासारख्या अक्षरात. या ऑफिसने त्या ऑफिसात पाठवलं, त्या ऑफिसने विचारलं की केंद्राची नोंदणी नेमकी कोणत्या खात्याकडे आहे. ते मलाच शोधायला सांगितलं. सगळीकडे वाटाण्याच्या अक्षता. एका साहेबाने तर सांगितलं, “बाई, तुमचाच अभिप्राय फाईलला जोडलेला आहे.”

मग एका बाजारच्या दिवशी मी पुन्हा त्या केंद्रात गेले. ते पान मला परत पाहिजे होतं. फिनाईलचा वास, पांढरा कोट, उशाला टेकवलेली माणसं, सगळं जागच्या जागी. बाहेर जिपेत एक म्हातारी आडवी होती, खुब्याचं हाड मोडलेली. ऑफिसात तिचा मुलगा आणि सून बसलेले. संचालकाची पाठ माझ्याकडे होती, वही उघडी होती. “शिक्षिका आहेत,” तो त्यांना सांगत होता, “त्या खोटं कशाला लिहितील?”

“ते मी लिवलंय,” मी दारातून म्हटलं.

मुलाने वळून बघितलं. साधा माणूस, हातात टोपी. “तुमीच लिवलं का बाई?”

“मीच लिवलं. बाजारच्या दिवशी लिवलं.” अकरा खाटा स्वच्छ दिसत होत्या, आणि मी काय सांगणार, माझ्यावर विश्वास ठेवा? माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवूनच तर ते म्हातारीला इथे ठेवायला निघाले होते. मी सुनेचा हात धरला आणि तिला आतल्या पहिल्या खाटेपाशी नेलं. एक म्हातारे गृहस्थ होते, ताजी दाढी, कपाळाला गंध. मी विचारलं, “बाबा, हात लावू का?” त्यांनी संचालकाकडे बघितलं, मग डोळे मिटून मान हलवली. “वहिनी,” मी म्हटलं, “बघू नका. कमरेखाली हात घाला. चाचपा.”

तिने घातला. बाहेर काढला तेव्हा तो हात तिने स्वतःपासून लांब धरला होता. ती सरळ बाहेरच्या नळावर गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. जीप तिथूनच परत फिरली. मी आत येऊन वहीतलं माझं पान फाडलं. संचालक पोलिसांचं नाव घेत होता, पण माझ्या अंगाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. वही जाड होती. माझ्याआधीची आणि माझ्यानंतरची पानं तशीच राहिली. मास्तरांची, तलाठ्याची, एका वकिलाची. सगळी बाजारच्याच दिवशी लिहिलेली. खाटेवरच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी ते शोधायला परत गेले नाही. ते केंद्र पुढे बंद पडलं, माझ्या अर्जांमुळे नव्हे. गोदामाच्या मालकाला सोयाबीन ठेवायला जागा पाहिजे होती.

पान घेऊन मी त्याच दिवशी गावी गेले. दुपार उतरत होती. आबा ओसरीवर, पोत्यांना टेकून बसलेले, आखडलेला पाय घोंगडीवर, काठी बाजूला भिंतीला लावलेली. ती काठी माय रोज पुसून तिथे ठेवायची. मी त्यांच्याजवळ बसले. मला माफी मागायची होती, पण माफी मागून उपयोग काय, ते व्हयच म्हणणार. राग हाय का, व्हय. राग गेला का, तरी व्हय. त्यांचं मन मला आता कधीच कळणार नव्हतं. तेव्हा मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि, त्यांनी न ओढताच, त्यांच्या कमरेखाली हात घातला. तिथे बुजलेल्या जखमेचा टणक, गुळगुळीत वण होता. मायने डाळ निवडता निवडता वर बघितलं आणि ताटातला एक खडा बाजूला टाकला.

“आबा,” मी म्हटलं, “तवा माझा हात वढून राहिले व्हते, ते हेच दाखवायला ना?”

“व्हय,” ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्यांच्या या एका उत्तराबद्दल मला कधी शंका आली नाही.